तिळगूळ घ्या, हळू बोला

कल्याण, तांबट आळी
संक्रांतीचा दुसरा दिवस, शके १८०७

तीर्थस्वरूप राघोदाजी पाटील, मुक्काम बाळकुम, यांच्या चरणी काळुराम म्हात्रे मीठवाले यांचा दंडवत. तुळसाबायला धाकट्या भावाचा नमस्कार, भाचा मोरूस आशीर्वाद, गोठ्यातल्या मंडळींसही यथायोग्य. आम्ही इकडे देवाच्या कृपेने धडधाकट आहोत, तुमच्या गुडघ्याचे आणि तुळसाबायच्या खोकल्याचे कसे काय ते कळवावे. हे पत्र नेहमीप्रमाणे तुमच्या ओटीवर बसून शाळेचे मास्तर वाचून दाखवतील, हे मी जाणून आहे. (मास्तर, नमस्कार. कंसातला मजकूर आपल्यासाठी आहे, तो मनातल्या मनात वाचावा. चुकून मोठ्याने वाचलात तर दाजींना सासरवाडीच्या नको त्या गोष्टी कळतील.)

पत्र घेऊन आमचा धाकटा मधु येत आहे. डाकेने धाडणार होतो, पण मिठाचा मचवा रिकामा परत बाळकुमाकडे निघालाच होता, म्हटले पोरालाही खाडीची हवा लागेल. करीच्या दिवशी कोणी पोर घराबाहेर काढत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण ओहोटीला कर कळत नाही. त्याच्याबरोबर तिळगुळाचा डबा आहे. बोचके अंमळ मोठे दिसेल, त्याचे मनावर घेऊ नये. मधुची आई बायजा, तिला कमी बांधता येतच नाही. मचवा दोन दिवसांनी भरून परतेल, त्यात त्याला बसवून द्यावे.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. तुम्ही लिहिता की मोरूचे शिक्षण बाळकुमात होत नाही, कारण तिथल्या मास्तरांचा आवाज ओटीच्या पायरीपलीकडे जात नाही, शाळा भरली आहे की सुटली आहे हे रस्त्यावरून कळत नाही, आणि असल्या गुळमुळीत माणसाच्या हाताखाली पोर सुधारणार कसे. उलट आमच्या शाळेचा गजर बंदरावर मचवे लागतात तिथवर ऐकू येतो, तेव्हा मोरूला आमच्याकडेच शिकायला ठेवावे. दाजी, मागणी वाजवी आहे. पण हे सगळे तुम्ही त्या मास्तरांकडूनच लिहवून घेतलेत! धन्य तुमची. (मास्तर, 'गुळमुळीत' हा शब्द लिहिताना आपले अक्षर केसभरही हलले नाही. मी पत्र उजेडाशी धरून पाहिले. माझा हात असता तर दौत लवंडली असती.)

मोरूविषयीचा जबाब शेवटी देतो. आधी आमच्या शाळेची हकीकत ऐका, म्हणजे जबाब द्यायची पाळीच येणार नाही.

आमची शाळा सरकारी नव्हे. आळीतल्या आम्ही चार जाणत्यांनी मिळून ती काढली, आम्हांला लोक कमिटी म्हणतात, आणि तोंडावर तरी मानाने म्हणतात. सुरुवातीला ती रुळांलगतच्या एका माडीवर भरत असे. आमचे नारोपंत मास्तर मोठे विद्वान आणि आवाजाने खणखणीत, पण आगगाडीपुढे विद्वत्ता चालत नाही. गाडी आली की ते थांबत, गाडी गेली की आपण कुठवर आलो होतो ते पोरांना विचारत, आणि पोरे अर्थातच मागचे काहीतरी सांगत. अशाने सबंध वर्षभर भूगोलात आम्ही ठाणे जिल्ह्याची हद्द ओलांडली नाही. त्यातून मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटायला लागले की पाट्या हातातून सुटत. शेवटी कमिटीने ठरवले की जागा बदलायची, आणि शांत जागा शोधायची कामगिरी माझ्यावर आली.

मी शोधली. दाजी, अशी जागा की पाहताच कमिटीने माझी पाठ थोपटली. विठ्ठल तांबटाची मोठी रिकामी पडवी, वर कौले, पुढे अंगण, आणि आळीत असा शुकशुकाट की चिमणीने दाणा टिपला तरी ऐकू यावे. नारोपंतांनी तिथे उभे राहून एक श्लोक म्हटला आणि डोळे पुसले. नारळ फोडला, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मग कळले की आम्ही जागा पाहिली तो दिवस अमावास्येचा होता. तांबट अमावास्येला हातोडा धरत नाहीत. बाकी सगळा महिना धरतात. (मास्तर, मी जन्मापासून याच आळीत राहतो आणि तरी मला हे आठवले नाही, असे बायजा रोज म्हणते. खरे कारण असे की आळीतल्या माणसाला तो ठणठणाट ऐकूच येत नाही. कान त्याला दार लावून घेतात.)

पहिल्या दिवशी नारोपंतांनी 'श्री' म्हटले आणि चहूबाजूंनी हंडे, घंगाळी, परातींवर घाव सुरू झाले. मुले मास्तरांच्या ओठांकडे पाहत राहिली. कमिटी बसली. कोणी म्हणाले, मुलांच्या कानांत कापूस घाला. घातला. मग हातोडे थोडे कमी ऐकू आले आणि मास्तर अजिबात ऐकू आले नाहीत. कोणी म्हणाले, पहाटे शाळा भरवा. भरवली, तर घरोघरची जाती, आणि मुले जात्यावरच्या ओव्या पाठ करून आली. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. माझ्या वखारीत मिठाची रिकामी गोणपाटे पडली होती, ती चांगली जाडजूड, ती तांबटांच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना टांगली. खरे सांगतो, आवाज निम्मा झाला. नारोपंत माझ्याकडे देवाकडे पाहावे तसे पाहू लागले. पण दाजी, मिठाच्या पोत्याला मीठ असते. दुपारपर्यंत आळीतल्या शेळ्यांना त्याचा वास लागला, त्यांच्यामागून गाई आल्या, गाईंमागून गाईंचे मालक आले. सगळी जनावरे खिडक्यांना लागून पोती चाटताहेत, गळ्यातल्या घंटा वाजताहेत, मालक हाका मारताहेत, आणि एक बोकड पोत्यासकट पडवीत येऊन नारोपंतांच्या चौरंगावर उभा राहिला, असा तो दिवस गेला. पोती मी त्याच संध्याकाळी काढली. त्यातले एक बोकडाने खाल्ले.

मग नारोपंतांनीच मार्ग काढला. तांबट मोठ्याने ठोकतात काय, ठीक आहे, आपण त्यांच्याहून मोठ्याने शिकू! झाले. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, साडेतिनाची औटकी, सगळे एका सुरात, गळ्याच्या शिरा ताणून. आणि काय चमत्कार सांगू, पंधरा दिवसांत मुले आणि हातोडे एका ठेक्यात आले. घाव पडला की मुले 'बारा एके', घाव पडला की 'बारा'. विठ्ठल तांबट एकदा माझ्याकडे गाऱ्हाणे घेऊन आला, म्हणाला, "काळूशेट, पोरं सतराच्या पाढ्यात अडकली की माझा हातोडा बी अडकतो, हंड्याला पोचा पडतो. त्यांना सतरा नीट शिकवा." मी नारोपंतांना सांगितले, त्यांनी सतरावर जोर दिला, हंडे सुधारले. शाळेची कीर्ती गावभर झाली. तुम्हांला तर ठाऊकच आहे, आपल्याकडे शाळा चांगली कशावरून, तर वेशीपर्यंत ऐकू येते यावरून. तुमच्या कानांवर गेली ती हीच कीर्ती.

आता या कीर्तीच्या बारीकसारीक खर्चाचे सांगतो. आळीत ज्येष्ठमध मिळेनासा झाला, कारण एकही पोर असे नाही ज्याचा घसा बसलेला नाही. मुले घरी येऊन पाणी मागतात ते असे, की शेजारचा माणूस विहिरीकडे धावतो. जेवताना डोके दुखते म्हणतात, झोपेत दचकतात, किरकोळ गोष्टीवरून एकमेकांच्या अंगावर जातात. नारोपंत स्वतः डाव्या कानाने गेलेच आहेत, उजवा अधूनमधून येतो. माझे म्हणाल तर मी घरात साधे बोललो तरी भांडण चालले आहे समजून लोक सोडवायला येतात. मागल्या खेपेस मी तुमच्या अंगणात शिरताना 'रामराम' म्हटले आणि तुमची तांबडी गाय दावे तोडून पळाली, ते तुम्ही विसरला नसालच. मी तेव्हा तिला दोष दिला होता. ती बिचारी शांत गावची.

आणि आमचा मधु. दाजी, इथे मला थोडे बसून लिहावे लागते. हा पोरगा शाळेत तोंडच उघडेना. सगळी शाळा गर्जते आहे आणि हा आपला दोन्ही हात कानांवर धरून भिंतीकडे तोंड करून बसलेला. छडी झाली, अंगठे धरून झाले, उपाशी ठेवून झाले. विचारावे तर टकामका पाहतो. संध्याकाळी डोके धरून पडतो, जेवण नको म्हणतो, कधी उलटी होते. वैद्यांनी पित्त म्हटले, शेजारणीने दृष्ट म्हटले, नारोपंतांनी मठ्ठ म्हटले. मुले त्याला 'खडा' म्हणू लागली, मिठाचा खडा. घरी आला की वखारीत मिठाच्या थप्प्यांमागे जाऊन बसायचा तो जेवायला हाका मारीपर्यंत यायचा नाही, आणि मी त्याला कामचुकार म्हणायचो. बायजा एकटी त्याची बाजू घेई. "पोर मठ्ठ नाय, तुमची शालाच बहिरी हाय. त्याला आयकूच येत नाय, त शिकल कसा?" मी म्हटले, बाकीचे शिकतात ते? ती म्हणाली, "ते शिकीत नाय, ते आरडतात." बायकांचे हे असेच असते म्हणून मी सोडून दिले. नारोपंतांनी मला बाजूला घेऊन सांगितले की काळूशेट, पोराच्या नशिबी विद्या नाही, संक्रांत झाली की त्याचे नाव काढून घ्या आणि वखारीत बसवा, पोत्यांवर नजर ठेवील. मी कबूल केले. कबूल करून घरी आलो आणि जेवलो नाही, ते कोणाला कळू दिले नाही. (हे वाक्य कंसात घालायचे राहिले. मास्तर, वाचून झाले असेल तर असू दे.)

अशात विद्याखात्याचे डिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार असे कळले. कमिटी बसली. एवढा मोठा मनुष्य येणार, त्यांना या ठणठणाटात कसे बसवायचे? मी विठ्ठल तांबटाकडे गेलो, हात जोडले. भला माणूस तो, त्याने सबंध आळीला हातोडे ठेवायला लावले. म्हणाला, समजू अमावास्याच आहे. डिपोटीसाहेब आले, पगडी, उपरणे, घसा बसलेला, बोलणे अगदी हलके. चौरंगावर बसले. त्यांनी पहिल्या रांगेतल्या हुशारांतल्या हुशाराला विचारले, औट सत्ते किती? पोराने तोंड उघडले. उघडेच ठेवले. घावाची वाट पाहतोय हो तो! दुसऱ्याला विचारले, तोही तसाच. सगळी रांग तोंड उघडून उभी. नारोपंतांना तर त्या शांततेत आपला उजवा कानही गेला असे वाटले, ते घाबरून कानावर थापट्या मारू लागले. मागच्या बाजूला धाकटी मुले होती, त्यांना इतक्या दिवसांनी आळी गप्प झालेली पाहून असे बरे वाटले की ती एकेक करून आडवी झाली आणि घोरू लागली. मी भिंतीशी उभा होतो. धरणी दुभंगावी आणि आत मिठाची वखार असावी, असे मला झाले.

आणि तेवढ्यात, दाजी, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माझ्या पोराने कानांवरचे हात खाली घेतले. आधी एक, मग दुसरा. इकडे वळला. डिपोटीसाहेबांनी त्याला हलकेच विचारले, बाळ, तुला येते? त्याने तितक्याच हलक्या आवाजात सांगितले, औट सत्ते साडेचोवीस. त्यांनी आणखी विचारले, त्याने आणखी सांगितले. पुस्तक दिले, त्याने वाचले, न अडखळता. नदी विचारली, त्याने उल्हास सांगितली आणि ती कुठून निघते, आपल्या खाडीला कशी मिळते तेही सांगितले. हे सगळे तू कुठे शिकलास म्हणून विचारले, तर म्हणाला, आमच्या वखारीत, मिठाच्या थप्प्यांमागे, तिथे काही ऐकू येत नाही. मी ज्याला कामचुकारपणा म्हणत होतो ती त्याची शाळा होती. दाजी, मी भर शाळेत रडलो. आजवर कोणी मेल्यावरच रडलो होतो, जिवंत पोरासाठी पहिल्यांदाच. डिपोटीसाहेब उठताना मला म्हणाले, तुमचा मुलगा मठ्ठ नाही, इथले एकही मूल मठ्ठ नाही, पण या जागेत फार दिवस ठेवलीत तर होतील.

दुसऱ्या दिवशी हातोडे पुन्हा सुरू झाले आणि मधुचे हात पुन्हा कानांवर गेले. विठ्ठलला तरी काय म्हणणार, आळी त्याची, पोट त्याचे, आमची शाळाच उपरी जाऊन बसली. जागा बदलू म्हणून मी कमिटीपुढे उभा राहिलो. कमिटीने गंभीरपणे विचार केला आणि ठराव केला तो असा: मुले शांततेत नापास झाली, याअर्थी शांतता मुलांना बाधते. सबब पुढल्या वेळी डिपोटीसाहेब येतील तेव्हा तांबटांनी जास्तीत जास्त जोराने ठोकावे. ठराव एकमताने झाला. विरोधात मी हात वर केला होता, पण मी काय बोलतो ते कोणाला ऐकू गेले नाही.

तेव्हा दाजी, मोरूला इकडे पाठवावे की नाही, हे आता तुम्हीच ठरवा. आमची शाळा बंदरापर्यंत ऐकू येते हे खरे आहे. पोराच्या डोक्यात काय जाते हे निराळे. 'बहुत काय लिहिणे' असे शेवटी लिहायची रीत आहे, पण बहुत लिहून झालेच आहे, म्हणून ते लिहीत नाही. गुडघ्याला एरंडाचे पान बांधावे. तिळगूळ घ्यावा, आणि यंदा गोड नाही बोललात तरी चालेल, हळू बोला.

आपला,
काळुराम

ता. क. मचवा परत निघेल तेव्हा मधुला त्यात बसवून द्यावे असे वर लिहिले आहे. ते खोडावे. मचव्यात मीठ भरावे, पोर ठेवून घ्यावे. बोचके मोठे का ते आता लक्षात आले असेल. त्यात घोंगडी आहे, आषाढाला लागेल.

दुसरा ता. क. बायजा म्हणते, आधी विचारून मग पोर पाठवायचे असते. मी म्हटले, विचारले असते तर दाजी म्हणाले असते, बाळकुमच्या शाळेत काय ठेवले आहे, मास्तरांचा आवाज तर पायरीपलीकडे जात नाही. म्हणून आधी पोर, मग पत्र. तुळसाबाय, भाऊ म्हणून एवढे पदरात घे. त्याला मोठ्याने हाक मारू नकोस, जवळ जाऊन बोलव, तो येतो.

तिसरा ता. क., कंसाबाहेर, मोठ्याने वाचावा. मास्तर, कल्याणात आपल्यासारखा गुळमुळीत मनुष्य मला मिळाला असता तर मी त्याला पालखीतून आणला असता. माझा पोरगा आपल्या पायरीच्या आत बसेल. तेवढ्या आवाजात त्याला सगळे ऐकू येते. दाजींनी मोरूलाही त्याच्या शेजारी बसवावे. आता एवढे करा: हे पत्र ज्याने आणले त्याच्या हातात द्या, आणि दाजी, सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसा. खालची ओळ तो वाचील. ती त्यानेच सांगितली, मी फक्त लिहिली.

आत्या, मी मधु. इथे किती छान ऐकू येतं.